सातबाऱ्याचे संकल्पनात्मक प्रतिमान आणि ईआर परिषद : माझा निबंध कुठे कमी पडतो?

प्रश्न : गटनंबर

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो आणि नोकरी सांभाळून पीएच.डी.चे काम करतो. सातबारा उताऱ्याचे संकल्पनात्मक प्रतिमान, म्हणजे वर्गात आपण ज्याला कन्सेप्च्युअल मॉडेल म्हणतो ते, हा माझा विषय आहे.

विषय वर्गातच सापडला. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ईआर (एंटिटी-रिलेशनशिप, म्हणजे घटक आणि त्यांच्यातले संबंध दाखवणारी) आकृती शिकवताना पुस्तकातली कर्मचारी आणि विभाग, विद्यार्थी आणि अभ्यासक्रम ही उदाहरणे दरवर्षी फळ्यावर काढली जातात, आणि ती मुलांना समजतातही. एका वर्षी मात्र मी एका विद्यार्थ्याला घरचा सातबारा आणायला सांगितला. 'शेतकरी' हा एक चौकोन, 'जमीन' हा दुसरा, मध्ये 'मालकी' हा समभुज चौकोन आणि त्याला 'हिस्सा' हा गुणधर्म, एवढे दहा मिनिटांत होईल असा माझा अंदाज होता. उताऱ्यावर एका गटाला चार नावे होती. त्यांतल्या एका नावाला कंस होता, दुसऱ्यापुढे 'एकुम' लिहिलेले होते, आणि इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा व एका आत्याचे नाव होते. तास संपला तरी आकृती पुरी झाली नाही, आणि ती अजून पुरी झाली आहे असे मला वाटत नाही.

आज माझ्या प्रतिमानात २३ घटकप्रकार आणि ३१ संबंध आहेत. त्यावरून मी तक्ते तयार केले, नमुन्यादाखल माहिती भरली आणि त्यावर निबंध लिहून एका परिषदेला पाठवला. तो नाकारला गेला. तीन परीक्षकांपैकी पहिल्याने लिहिले की एका व्यवस्थेचे हे चांगले वर्णन आहे, पण रुग्णालयाचे किंवा बंदराचे प्रतिमान करणाऱ्या वाचकाला यातून प्रतिमानाविषयी काय शिकायला मिळते ते निबंधात सांगितलेले नाही. दुसऱ्याने जमीन-प्रशासनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाशी तुलना का केली नाही असे विचारले. तिसऱ्याचे म्हणणे असे की प्रतिमान बरोबर आहे हे लेखकाने कशावरून ठरवले ते कळत नाही.

मार्गदर्शकांनी आता ईआर परिषदेला, म्हणजे कन्सेप्च्युअल मॉडेलिंगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला, निबंध पाठवून पाहा असे सुचवले आहे. या परिषदेत काम केलेल्या कोणी सांगावे की हे ठिकाण माझ्या विषयाला योग्य आहे का, तिथे 'योगदान' कशाला म्हणतात, आणि सातबारा हा विषय तिथल्या लोकांना फार स्थानिक वाटेल का.

प्रतिसाद : समभुज

नमस्कार. मी युरोपातल्या एका विद्यापीठात याच क्षेत्रात काम करतो. या परिषदेसाठी मी निबंध लिहिले आहेत आणि परीक्षणही केले आहे. ठिकाण योग्य आहे. तरीही आज आपला निबंध आहे तसा माझ्याकडे परीक्षणाला आला असता तर मीही तो नाकारला असता. त्याचे कारण नीट सांगायला हवे आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ईआर प्रतिमान मांडणारा पीटर चेन यांचा मूळ निबंध मार्च १९७६ मध्ये 'एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन डेटाबेस सिस्टिम्स' या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात आला. माहिती तक्त्यांत मांडणारे कॉड यांचे रिलेशनल प्रतिमान १९७० मध्ये मांडले गेले होते, नोंदी दुव्यांनी जोडणाऱ्या नेटवर्क प्रतिमानाचे समर्थक त्याच्या विरोधात उभे होते, आणि वाद माहिती कोणत्या रचनेत साठवावी याचा होता. साठवणुकीकडे वळण्याआधी आपण ज्या जगाची नोंद ठेवणार आहोत त्याविषयी बोलले पाहिजे, त्या जगात वस्तू आहेत आणि वस्तूंमध्ये संबंध आहेत, आणि एवढे नीट मांडले की त्यावरून कोणत्याही रचनेत उतरता येते, अशी चेन यांची भूमिका होती. १९७९ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला पहिली परिषद भरली. पुढे ती दर दोन वर्षांनी आणि १९८५ पासून दरवर्षी भरत आली. सुरुवातीची अनेक वर्षे तिच्या नावात 'एंटिटी-रिलेशनशिप अप्रोच' हे शब्द होते. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' हा शब्दही जोडला गेला, आणि १९९६ मध्ये जर्मनीतल्या कॉटबुसला ती कन्सेप्च्युअल मॉडेलिंगची परिषद झाली. 'ईआर' हे लघुनाम तेवढे जुने राहिले.

या नामांतराचा आपल्या निबंधाशी थेट संबंध आहे. आकृतीवरून तक्ते कसे काढावेत, अनेक-ते-अनेक संबंध कसा फोडावा, सामान्य प्रकार आणि त्याचे उपप्रकार आकृतीत कसे दाखवावेत, हे प्रश्न पहिल्या दीड दशकात खरोखर संशोधनाचे होते. आज ते पाठ्यपुस्तकात आहेत. एल्मस्री आणि नवाथे यांचे जाडजूड पुस्तक आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयात असते आणि आपण शिकवता तो रूपांतराचा भाग त्यात पायरीपायरीने दिलेला आहे. त्यामुळे २३ घटकप्रकारांचे तक्ते बिनचूक झाले याला आता कोणी योगदान म्हणणार नाही. टोरांटोचे जॉन मायलोपोलस यांनी १९९२ मध्ये या कामाची जी व्याख्या केली तिचा आशय असा की भोवतालच्या भौतिक आणि सामाजिक जगाच्या काही अंगांचे औपचारिक वर्णन करायचे, आणि ते माणसांना समजावे व एकमेकांशी बोलता यावे यासाठी करायचे. त्यातला 'सामाजिक' हा शब्द आपण अधोरेखित करून ठेवावा, कारण सातबाऱ्यात जमिनीचा मातीशी असलेला भाग थोडा आहे, बाकी सगळे माणसांनी एकमेकांत ठरवलेले आहे.

आता आपल्या आकृतीकडे येऊ. यायर वँड आणि रॉन वेबर यांनी मारिओ बुंगे यांच्या तत्त्वज्ञानाचा आधार घेऊन असा प्रश्न उभा केला की प्रतिमानातले प्रत्येक चिन्ह जगातल्या नेमक्या कशासाठी उभे आहे. पुढे जानकार्लो ग्विझार्डी यांनी २००५ मधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या प्रबंधात तो प्रश्न फार बारकाईने सोडवत नेला, आणि त्यातून यूएफओ (युनिफाइड फाउंडेशनल ऑन्टोलॉजी) नावाचा तात्त्विक पाया आणि ऑन्टोयूएमएल ही प्रतिमाने काढण्याची भाषा उभी राहिली. त्या दृष्टीने पाहिले तर आपला 'शेतकरी' हा चौकोनच संशयास्पद आहे. माणूस हा प्रकार आहे, कारण माणूस माणूसपण सोडून अस्तित्वात राहू शकत नाही. भोगवटादार ही भूमिका आहे. जमीन विकली की ती संपते, माणूस तसाच राहतो, आणि भोगवटादार ही भूमिका एखादी संस्था, देवस्थान किंवा सरकारही घेऊ शकते. दोघांना एका चौकोनात कोंबले की मयत खातेदाराचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि मग आपण 'हयात आहे का' असा एक गुणधर्म चिकटवतो. माझा अंदाज आहे की आपल्या प्रतिमानात तो असेल.

त्याहून महत्त्वाचा आहे तो मधला समभुज चौकोन. आपण 'मालकी' हा संबंध काढला आणि त्याला हिस्सा हा गुणधर्म दिला. पण जमिनीवरच्या हक्काला स्वतःचे आयुष्य असते. तो एखाद्या घटनेने जन्माला येतो, त्याच्यावर कर्जाचा बोजा चढतो आणि उतरतो, तो वाटणीत विभागला जातो, त्यावर विक्रीची बंधने असतात आणि तो संपतो. ज्याला इतके काही घडते ती दोन चौकोनांमधली नुसती रेघ असू शकत नाही. ग्विझार्डी अशा गोष्टीला 'रिलेटर' म्हणतात. मी मराठीत 'संबंधकर्ता' म्हणतो, याहून चांगला शब्द कोणी सुचवला तर आनंदाने घेईन. समभुज चौकोनाचा चौकोन केव्हा करावा आणि का करावा, याविषयी सातबाऱ्याकडे दाखवण्यासारखा पुरावा आहे, आणि तसा पुरावा रुग्णालयाचे प्रतिमान करणाऱ्यालाही उपयोगी पडतो, कारण रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला 'उपचार' हाही असाच आहे. पहिल्या परीक्षकाला हेच हवे होते असे मला वाटते.

दुसऱ्या परीक्षकाचा आक्षेप मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. आयएसओ १९१५२ हे जमीन-प्रशासनाच्या प्रतिमानाचे मानक २०१२ मध्ये आले आणि २०२४ पासून त्याची नवी आवृत्ती भागांमध्ये येत आहे. त्याच्या गाभ्यात चार गोष्टी आहेत: पक्ष, हक्क, बंधने आणि जबाबदाऱ्या, मूलभूत प्रशासकीय एकक, आणि अवकाशीय एकक. गट किंवा पोटहिस्सा अवकाशीय एककात बसतो हे उघड आहे. मग प्रशासकीय एकक कोणते, आठ-अ वरचे खाते की सातबाऱ्यावरचा गट? मानकात हे एकक म्हणजे ज्याच्यावर एकसारखे हक्क आहेत असा समूह. आठ-अ चे खाते गावातल्या एका धारकाच्या नावाभोवती जमिनी गोळा करते, आणि त्या जमिनींवरचे हक्क एकसारखे असतीलच असे नाही. हा सांधा नीट बसत नसेल तर तो का बसत नाही एवढ्या एका प्रश्नावर आठ पाने लिहिण्यासारखी आहेत.

विषय स्थानिक वाटेल ही भीती मनातून काढून टाकावी. ही परिषद २००९ मध्ये ब्राझीलच्या ग्रामादोला आणि २०१९ मध्ये साल्व्हाडोरला भरली, आणि ब्राझीलच्याच व्हितोरिया शहरातल्या विद्यापीठाच्या गटाने ऑन्टोयूएमएलच्या कामात मोठा वाटा उचलला आहे. २०२२ ची एकेचाळिसावी परिषद हैदराबादची होती. ती ऑनलाइन घ्यावी लागली आणि भारतातल्या तरुण संशोधकांची या लोकांशी समोरासमोर ओळख होण्याची संधी हुकली, याचे मला आजही वाईट वाटते. आपल्याकडे माहितीसंचाच्या क्षेत्रातल्या मोठ्या परिषदा येऊन गेलेल्या आहेत. व्हीएलडीबी तर १९९६ मध्ये मुंबईतच झाली. उदाहरण कुठल्या गावातले आहे याला तिथे महत्त्व नाही, त्या उदाहरणाने कोणती अडचण उघडी पडते हे पाहिले जाते.

प्रतिसाद : दप्तर

मी संगणकाचा माणूस नाही. महसूल खात्यात तलाठी आणि पुढे मंडळ अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. पुतण्याने हा धागा दाखवला आणि समभुज यांनी भोगवटादाराविषयी जे लिहिले आहे ते वाचून बरे वाटले, कारण नवीन भरती झालेल्या मुलांना आम्ही हेच वेगळ्या शब्दांत शिकवत आलो. दोन-तीन गोष्टी मात्र सांगाव्याशा वाटतात, नाहीतर आकृती सुंदर होईल आणि दप्तराशी जुळणार नाही.

गटनंबर सरांनी एकाच उताऱ्याविषयी लिहिले आहे, पण सातबारा म्हणजे दोन वेगळे नमुने एका कागदावर आलेले आहेत. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आहे आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही आहे. सातमध्ये कोणाचा काय हक्क आहे ते येते, बारामध्ये त्या हंगामात शेतात काय उभे आहे ते येते. दोन्हींचा काळ वेगळा चालतो. बारा दरवर्षी नव्याने भरावा लागतो, सात मात्र फेरफार झाल्याशिवाय बदलत नाही.

कंसाविषयी. नावाला कंस केला म्हणजे नाव खोडले असे नव्हे. त्या माणसाचा हक्क अमुक फेरफाराने संपला, पण तो होता, हे सांगण्यासाठी ते नाव उताऱ्यावर ठेवून कंस करायचा, आणि फेरफार क्रमांकावरून गाव नमुना सहामध्ये जाऊन कारण पाहायचे. दप्तरात काही पुसायचे नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितले जाई. संगणकात जर आधीची ओळ काढून तिथे नवी ओळ घातली जात असेल तर कंसाचा अर्थच गेला.

'एकुम' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारल्यावर थोरल्या भावाचे नाव एकुम म्हणून लागले, म्हणजे सगळी जमीन त्याची झाली असे नव्हे. तो कुटुंबाच्या वतीने उभा असतो, आणि धाकट्या भावांचे व बहिणींचे हक्क त्याच्या नावामागे असतात, जरी कागदावर ते दिसत नसले तरी. माझ्या कारकिर्दीत सर्वांत जास्त तंटे मी या एका शब्दावरून पाहिले. एका प्रकरणात एकुम म्हणून लागलेल्या भावाच्या पश्चात त्याच्या मुलांनी फक्त स्वतःची वारस नोंद करून घेतली, मागचा 'एकुम' शब्द नवीन उताऱ्यावर उतरवताना राहून गेला, आणि चुलत्यांना आपला हिस्सा सिद्ध करायला चार पिढ्यांचे जुने फेरफार काढून आणावे लागले. एक शब्द गळला होता. सरांच्या २३ चौकोनांत एकुमसाठी काय आहे हे मला जाणून घ्यायला आवडेल. तो नावापुढचा शेरा म्हणून लिहिला असेल तर तो पुन्हा गळेल. अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता लागतो, त्याचेही तसेच, फक्त तिथे मूल सज्ञान झाले की पालनकर्त्याचे काम संपते.

शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. हक्क आणि हक्काची नोंद या दोन गोष्टी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असते. कायदा 'मानायची' म्हणतो. नोंदीने हक्क निर्माण होत नाही. माणूस वारला की वारसांचा हक्क त्याच क्षणी सुरू होतो, पण वर्दी येणार, तलाठी फेरफार लिहिणार, हितसंबंधितांना नोटीस जाणार, पंधरा दिवस हरकतीसाठी थांबायचे, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, आणि मग नाव लागणार. मधल्या काळात उताऱ्यावर मयताचे नाव असते आणि तो उतारा त्या दिवसापुरता चुकीचाही नसतो. हे तुमच्या आकृतीत कसे दाखवतात?

प्रतिसाद : समभुज

दप्तर काका, आपण जे विचारले त्याला माहितीसंचाच्या शास्त्रात नाव आहे. रिचर्ड स्नॉडग्रास आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८५ मध्ये काळाचे प्रकार वेगळे केले. एखादी गोष्ट जगात केव्हापासून केव्हापर्यंत खरी होती हा एक काळ, आणि ती आपल्या नोंदवहीत केव्हा आली हा दुसरा. मृत्यूची तारीख पहिल्या काळात येते आणि फेरफार प्रमाणित झाल्याची तारीख दुसऱ्या काळात. तरीही आपल्या वर्णनात त्यापेक्षा थोडे जास्त आहे. तिथे वर्दी, नोटीस, हरकत आणि प्रमाणन अशा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला नोंदीचा दर्जा बदलतो, आणि शेवटच्या पायरीनंतरही ती गृहीतकच राहते. जगाविषयीचे विधान आणि त्या विधानाला संस्थेने दिलेला दर्जा वेगळा ठेवणारे प्रतिमान कसे करावे, हा प्रश्न मला या सगळ्या धाग्यात सर्वांत मोलाचा वाटतो. गटनंबर, आपल्या निबंधाचा कणा हाच करावा. भूमिका, संबंधकर्ता हे सारे त्याच्या आधाराला येऊ द्या.

प्रतिसाद : विभक्ती

मी भाषाशास्त्राची अभ्यासक आहे. या धाग्यात मला बोलण्यासारखे एकच आहे, पण ते या परिषदेच्या मुळाशी जाते.

चेन यांनी १९८३ मध्ये एका निबंधात इंग्रजी वाक्यरचना आणि ईआर आकृती यांची सांगड घातली होती. सामान्यनाम म्हणजे घटकप्रकार, सकर्मक क्रियापद म्हणजे संबंध, विशेषण म्हणजे घटकाचा गुणधर्म आणि क्रियाविशेषण म्हणजे संबंधाचा गुणधर्म, अशी ती ढोबळ सूत्रे होती. विद्यार्थ्यांना परिच्छेद देऊन त्यातली नामे व क्रियापदे अधोरेखित करायला सांगण्याची पद्धत अजून वर्गांत चालते. इंग्रजीत शेतकरी जमिनीचा मालक असणे हे एका सकर्मक क्रियापदाने सांगता येते, त्यामुळे त्याचा समभुज चौकोन होणे स्वाभाविक आहे. मराठीत रोजच्या बोलण्यात त्यासाठी असे क्रियापदच नाही. आपण 'असणे' वापरतो आणि सगळा अर्थ विभक्तीवर आणि शब्दयोगी अव्ययावर सोपवतो.

गावात बोलली जाणारी ही वाक्ये पाहावीत. 'त्याला पाच एकर आहे.' 'ते शेत त्याचं आहे.' 'ते शेत त्याच्याकडे आहे.' 'ते शेत त्याच्या नावावर आहे.' ही चार वाक्ये एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. पहिल्यात वाट्याला आलेली एकूण जमीन आहे, मग ती कुठल्याही गटात असो. दुसऱ्यात हक्क आहे. तिसऱ्यात वहिवाट आहे, आणि ती वाट्याने घेतलेल्या जमिनीचीही असू शकते. चौथ्यात फक्त नोंद आहे, आणि म्हणूनच 'जमीन भावाच्या नावावर आहे, पण आमचीच आहे' हे वाक्य कोणाही मराठी माणसाला विसंगत वाटत नाही. दप्तर काका ज्याला हक्क आणि नोंद म्हणतात तो फरक भाषेने आधीच करून ठेवलेला आहे. या कुटुंबात खरे सकर्मक क्रियापद एकच आहे, ते म्हणजे 'कसणे', आणि ते मालकीविषयी काहीच सांगत नाही.

गटनंबर यांनी प्रतिमान इंग्रजीत विचार करून केले असावे असे मला त्यांच्या पहिल्या आकृतीवरून वाटले. 'मालकी' हा समभुज चौकोन इंग्रजी क्रियापदातून आलेला आहे. आपण खातेदारांच्या मुलाखती घेतल्या असतील तर त्या मूळ मराठीत पुन्हा ऐकाव्यात, आणि कोणत्या जागी कोण 'ला' म्हणतो, कोण 'कडे' म्हणतो आणि कोण 'नावावर' म्हणतो याची नोंद करावी. तिसऱ्या परीक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा तोही एक मार्ग आहे.

प्रतिसाद : गटनंबर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री प्रतिमान पुन्हा उघडले. काका, आपला अंदाज खरा ठरला, एकुम माझ्याकडे नावापुढचा शेरा म्हणूनच होता, मोकळ्या मजकुराच्या रकान्यात. अ.पा.क. सुद्धा तिथेच. समभुज सर, 'हयात आहे का' हा गुणधर्मही आहे.

विभक्ती मॅडम, मुलाखती मी खरोखरच इंग्रजीत उतरवून घेतल्या होत्या, कारण प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे. ध्वनिमुद्रणे जपून ठेवली आहेत. सुरुवात म्हणून काल दोन ऐकली. एका आजीबाईंनी एकाच उत्तरात 'नावावर' आणि 'आमचं' हे दोन्ही शब्द दोन वेगळ्या भावांच्या संदर्भात वापरले आहेत, आणि माझ्या इंग्रजी टिपणात दोन्हीसाठी एकच शब्द लिहिलेला आहे.

आता व्यावहारिक प्रश्न उरतात. प्रतिमान बरोबर आहे हे दाखवण्यासाठी काय करावे, आणि पहिल्याच प्रयत्नात मुख्य परिषदेला पूर्ण निबंध पाठवावा का? शिवाय आमच्याकडे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे निमंत्रण ईमेलने येते, त्यामुळे महाविद्यालयाला ही परिषद वेगळी आहे हे पटवून द्यावे लागेल.

प्रतिसाद : समभुज

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जर्मनीतून चालणाऱ्या डीबीएलपी या ग्रंथसूचीत ही परिषद उघडून प्राचार्यांना दाखवावी. १९७९ पासूनच्या परिषदांची सूची तिथे दिसते, आणि प्रत्येक निबंधाचे लेखकही. इतिवृत्ते स्प्रिंगरच्या 'लेक्चर नोट्स इन कम्प्यूटर सायन्स' या मालिकेत निघतात. ईमेलने येणाऱ्या ज्या निमंत्रणांत दोन आठवड्यांत स्वीकृतीची हमी असते, त्यांच्या मागे असा इतिहास सापडत नाही.

प्रमाणीकरणासाठी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, प्रतिमानाने कोणत्या प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत त्यांची यादी आधी करावी. 'अमुक तारखेला या गटावर कोणाचा हक्क होता', 'त्याच तारखेला दप्तर काय म्हणत होते' आणि 'या एकुमच्या मागे कोण कोण आहेत' हे तीन प्रश्न तरी त्यात हवेत. मग जुनी आकृती आणि नवी आकृती यांपैकी कोणती कोणत्या प्रश्नाला निरुत्तर होते ते खऱ्या उताऱ्यांवर दाखवावे, अर्थात नावे बदलून. दुसरी, दोन्ही आकृत्या वाचणाऱ्यांच्या हाती द्याव्यात. आकृती वाचून माणसाला किती समजते याचे प्रयोग या क्षेत्रात रुजलेले आहेत आणि परीक्षकांना ते ओळखीचे असतात. आपल्याजवळ वर्गातले विद्यार्थी आहेत, आणि काकांच्या ओळखीने काही तलाठीही मिळतील. विद्यार्थ्यांना आणि तलाठ्यांना एकाच आकृतीत वेगळे काही दिसले, तर तो निष्कर्षही लिहावा, लपवू नये.

पूर्ण निबंधाची घाई करू नये असे माझे मत आहे. परिषदेसोबत डॉक्टरल विद्यार्थ्यांसाठी वेगळे सत्र असते, कार्यशाळा असतात, आणि फोरम नावाचा विभाग असतो, ज्यात अजून पिकत असलेल्या कल्पना मांडता येतात. फोरमचे निबंध बहुधा सीईयूआरच्या खुल्या संकेतस्थळावर येतात आणि कोणालाही विनामूल्य वाचता येतात, ही आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. यंदा हक्क आणि नोंद यांच्यातला भेद एवढ्याच मुद्द्यावर छोटा निबंध तिथे पाठवावा. तिथे मिळालेल्या हरकती घेऊन पुढच्या वर्षी मुख्य परिषदेकडे जावे. पानांची मर्यादा आणि तारखा दरवर्षीच्या आवाहनात दिलेल्या असतात, त्या तिथूनच घ्याव्यात.

आणि निबंधात २३ घटकप्रकारांची संपूर्ण आकृती देऊ नये. एकच गट घ्यावा, चार नावांचा, कंस आणि एकुम असलेला, ज्यावर आपला तो तास संपला होता. पहिल्या पानावर तो उतारा आणि त्याखाली आपली जुनी, दोन चौकोन आणि एक समभुज चौकोन असलेली आकृती ठेवावी.

प्रतिसाद : दप्तर

सर, तलाठी मंडळींची व्यवस्था मी करतो. आमच्या जुन्या सर्कलमधले सहा-सात जण यायला तयार होतील. आकृती मराठीत आणावी, आणि उतारा हस्तलिखित व संगणकीकृत असा दोन्ही आणावा, कारण कंस दोन्हीकडे वेगळा दिसतो.